अंडं, कांदा आणि बीट: पेशीपटलाचं काम घरच्या घरी कसं बघायचं

आधी सामान सांगते, म्हणजे मधेच दुकानात पळावं लागणार नाही. चार अंडी (लागतात दोनच, पण एखादं फुटतंच), पांढऱ्या व्हिनेगरची बाटली, साखर, मीठ, एक लाल कांदा, एक बीट, चार-पाच काचेचे ग्लास आणि ग्रॅम दाखवणारा किचनमधला वजनकाटा. मायक्रोस्कोप असेल तर सोन्याहून पिवळं, नसेल तर फोल्डस्कोप चालतो, तोच तो कागदाच्या घड्या घालून बनवायचा मायक्रोस्कोप, मनू प्रकाश आणि त्यांच्या टीमने स्टॅनफर्डला तयार केलेला, साधारण १४० पट मोठं दाखवतो आणि कांद्यासाठी तेवढं पुष्कळ झालं.

हे सगळं मी भाचीसाठी सुरू केलं. ती तेव्हा आठवीत होती, समस्थिती, परासरण, समपरासारी, अवपरासारी, अतिपरासारी सगळं घडाघडा पाठ होतं तिला, आणि त्याच दिवशी जेवताना विचारते, मावशी कोशिंबिरीला एवढं पाणी का सुटलं गं. मीठ आधी घातलं म्हणून, एवढं तिच्या आजीने सांगितलं, पण मीठ घातल्याने पाणी का सुटावं आणि ते काकडीतून नेमकं कुठून बाहेर येतं, हे सकाळी पाठ केलेल्या धड्यातलंच आहे हे तिच्या डोक्यात जुळलंच नव्हतं. तेव्हा ठरवलं की हिला पाठांतर नको, डोळ्यांनी दाखवायचं.

अंड्यापासून सुरू करा

दोन अंड्यांची वजनं करून लिहून ठेवा आणि वेगवेगळ्या ग्लासात ठेवून पूर्ण बुडतील इतकं व्हिनेगर ओता. मिनिटाभरात कवचावर बारीक बुडबुडे जमायला लागतात. कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते व्हिनेगरमधल्या ॲसिडने विरघळतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्या बुडबुड्यांनी अंडं वर उचललं जातं, जागच्या जागी गिरक्या घेतं, आणि वर थोडा मळकट फेस येतो, तो यायचाच. १२ तासांनी व्हिनेगर ओतून टाकून नवीन घाला. ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग कवच अर्धवट चिकटून राहतं, ते नखाने काढायला गेलात की अंडं हातात फुटतं. दीड दिवसाने काढा, नळाच्या बारीक धारेखाली बोटाच्या पेराने हळूहळू चोळा, पांढरी भुकटी निघून जाते आणि खाली मऊ, लुसलुशीत, अर्धपारदर्शक अंडं राहतं. खोलीत अंधार करून मागून मोबाइलचा टॉर्च लावा. अख्खं अंडं नारिंगी उजळतं आणि आतला बलक सावलीसारखा सरकताना दिसतो. भाची दहा मिनिटं नुसतं तेच बघत बसली होती.

आता वजन करा. माझं एक अंडं ५६ ग्रॅमचं होतं, कवच गेलं म्हणजे वजन कमी व्हायला हवं, तर भरलं ७९. म्हणजे व्हिनेगरमधलं पाणी आत गेलं. व्हिनेगर बहुतांश पाणीच असतं, आणि अंड्याच्या आत प्रथिनं, क्षार वगैरे दाटीने भरलेले, तर जिथे विरघळलेलं कमी तिथून जिथे जास्त तिकडे पाणी निघालं. हेच परासरण. आणि आतला पांढरा भाग बाहेर का नाही आला? कारण तो मोठा पडतो. पाण्याच्या रेणूचं वजन १८ धरलं तर अंड्याच्या पांढऱ्या भागातलं जे मुख्य प्रथिन असतं त्याचं ४५ हजाराच्या आसपास भरतं, एवढं धूड त्या पडद्यातून जाणार कसं.

मग एक अंडं साध्या पाण्यात ठेवा आणि दुसरं साखरेच्या घट्ट पाकात. एक वाटी साखरेला अर्धी वाटी पाणी, गरम करून विरघळवा आणि पूर्ण गार होऊ द्या, कोमट पाकात टाकलंत तर कडेने शिजायला लागेल. पाक जड असल्याने अंडं तरंगतं, वरून छोटी वाटी ठेवून दाबा. दुसऱ्या दिवशी माझं पाण्यातलं अंडं ८४ ग्रॅम, टम्म, हात लावायची भीती वाटावी असं, आणि पाकातलं ५१ ग्रॅम, सुरकुतलेलं, हवा गेलेल्या फुग्यासारखं, बोटाने दाबलं की खड्डा तसाच राहत होता. पाकाच्या वर पातळ पाण्याचा थर दिसतो, तो कडेने टॉर्च मारून बघाच, कारण ते अंड्यातून आलेलं पाणी आहे. नंतर हेच सुरकुतलेलं अंडं साध्या पाण्यात टाकलं की परत फुगतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते कारण बऱ्याच व्हिडिओत ही चूक असते. अंड्याभोवती जो पडदा उरतो तो पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचा पातळ पडदा, नाही. ते कवचाच्या आतलं प्रथिनांच्या धाग्यांचं विणलेलं आवरण आहे, जिवंत नाही, नुसती गाळणी. अंड्यातली खरी पेशी म्हणजे बलक, फलन न झालेल्या अंड्यात तो अख्खा बलक ही एकच पेशी असते. तेव्हा अंड्याने परासरण समजतं, पेशीपटल नाही. आणि हात साबणाने धुवा, ती अंडी खाऊ नका, तितके दिवस बाहेर राहिलेली असतात.

कांद्यात खरं पेशीपटल

लाल कांद्याची एक जाड पाकळी घ्या, तिच्या बाहेरच्या जांभळ्या बाजूला ब्लेडने चौकोनी चीर द्या आणि कोपरा चिमटीत धरून पापुद्रा ओढा. पातळ निघाला पाहिजे, मागे गर आला तर परत काढा. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरा, वर कव्हरस्लिप. लेन्समधून बघितलं की जांभळ्या फरश्या बसवल्यासारख्या पेशी दिसतात, रंग कडेपर्यंत काठोकाठ. तो रंग आतल्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पाण्याने भरलेल्या पिशवीत असतो, आणि ती इतकी मोठी असते की बाकी सगळं तिने पेशीच्या भिंतीला दाबून धरलेलं असतं.

आता अर्धा कप पाण्यात एक चमचा मीठ विरघळवा. कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा आणि दुसऱ्या कडेला टिशू पेपर टेकवा, तो आतलं पाणी ओढून घेतो आणि मिठाचं पाणी पेशींवरून सरकतं. डोळा काढू नका. दोन-तीन मिनिटांत जांभळा रंग भिंतीपासून सुटायला लागतो, आधी कोपरे मोकळे होतात, मग कडा, मग मधे एक आक्रसलेला गडद जांभळा गोळा राहतो आणि भिंत मात्र जागच्या जागी. यालाच पुस्तकात रससंकोच म्हणतात. त्या गोळ्याची जी कड आहे ना, तिथे पेशीपटल आहे. ते स्वतः दिसत नाही, ७-८ नॅनोमीटर जाडीचं असतं, तशी १३ हजार पटलं एकावर एक ठेवली तर कुठे वहीच्या कागदाएवढी जाडी होईल, पण ते कुठे उभं आहे ते रंगामुळे कळतं.

आणि आता मजा. लगेच त्याच पद्धतीने साधं पाणी सोडा, गोळा परत फुगून भिंतीला टेकतो. पण दुसरा एक पापुद्रा आधी उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवा आणि मग हाच प्रयोग करा, काहीच होत नाही, रंग आधीच वाहून गेलेला असतो. भिंत तीच, पाणी तेच, मीठ तेच, मग फरक कशात पडला? पटल मेलं. मुलांना प्रश्न इथे विचारायचा आणि गप्प बसायचं, उत्तर त्यांचं त्यांना येऊ द्यायचं.

कोशिंबिरीचं उत्तरही इथेच आहे. चोचवलेल्या काकडीवर मीठ पडलं की प्रत्येक पेशीतून पाणी बाहेर, म्हणून मीठ वाढायच्या वेळी घालायचं. कैरीच्या फोडींना मीठ लावून रात्रभर ठेवतो तेव्हा तेच पाणी आपल्याला हवं असतं, तो खार. आणि त्या खारात बुरशी-जंतूंची पण तीच गत होते, त्यांच्यातलंही पाणी ओढलं जातं, म्हणून लोणचं वर्षभर टिकतं. उलट बाजूने मलूल मेथीची जुडी गार पाण्यात उभी केली की तासाभरात टवटवीत, कारण पेशी पाण्याने भरून भिंतीला आतून रेटतात. आपल्या पेशींना मात्र अशी भिंत नाही, त्यामुळे साध्या पाण्यात टाकलेली रक्तातली लाल पेशी फुगून फुटते. म्हणून सलाइनच्या बाटलीत नुसतं पाणी नसतं, लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं, रक्ताशी जुळणारं.

बीट: पटल फुटलं की काय होतं

बीटचे साधारण एक सेंटीमीटरचे सारखे तुकडे करा आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत नळाखाली धुवा. चिरताना जेवढ्या पेशी कापल्या गेल्या त्यांचा रंग असा निघून जातो, आता आत उरल्या त्या अख्ख्या पेशी. हे धुणं टाळू नका नाहीतर सगळेच ग्लास लाल होतील आणि काही कळणार नाही. एक तुकडा गार पाण्यात, एक कडक गरम पाण्यात (हे मोठ्यांनी ओता), एक हँड सॅनिटायझरमध्ये किंवा स्पिरिटमध्ये, आणि एक रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून मग साध्या पाण्यात. अर्ध्या तासाने बघा. गार पाणी जवळजवळ तसंच, बाकी तिन्ही लाल.

कारण पटल मुळात स्निग्ध पदार्थाचं आहे. वरणावर तुपाचे थेंब कसे पाण्यात मिसळत नाहीत तसे पटलातले रेणू, फक्त त्यांचं एक टोक पाण्याला धरून राहणारं आणि दोन शेपट्या पाणी टाळणाऱ्या, म्हणून ते दोन थरांत उभे राहतात, शेपट्या आत, डोकी बाहेर. हे दोन थर आहेत हे १९२५ मध्ये नेदरलँड्सच्या गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी फार साध्या युक्तीने सांगितलं, लाल पेशींमधली चरबी काढली, पाण्यावर एका रेणूच्या थरात पसरवली आणि मोजलं तर क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. गंमत म्हणजे त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या, चरबी पूर्ण निघाली नव्हती आणि पेशींचा पृष्ठभागही कमी मोजला गेला होता, दोन्हीकडे कमीच, त्यामुळे गुणोत्तर बरोबर आलं. गरम पाण्याने हे थर विस्कळीत होतात आणि त्यातली प्रथिनं बिघडतात, अल्कोहोल थर सैल करून टाकतं, बर्फाचे स्फटिक ते फोडतात. फ्रीझरमधला टोमॅटो बाहेर काढल्यावर लगदा होतो तो यामुळेच. आणि साबण काही जंतू मारतो तोही असाच, त्यांच्याभोवतीचं स्निग्ध आवरण फोडून.

हे थर घट्टही नसतात बरं का. थंडीत तूप डब्यात गोठतं आणि शेंगदाण्याचं तेल गोठत नाही, तसाच फरक पटलातल्या स्निग्धात असतो, गार पाण्यात राहणारे मासे तेलासारखा प्रकार जास्त ठेवतात म्हणजे पटल वाहतं राहतं. वाहत्या चरबीत तरंगणारी प्रथिनं, हे चित्र सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडलं आणि आजही पुस्तकात तेच आहे.

आता जे घरी दिसत नाही ते

इथपर्यंत मुलांना वाटतं की पेशीपटल म्हणजे चाळणी आणि समतोल म्हणजे आतबाहेर सारखं होणं. मला सगळ्यात जास्त हेच खोडून काढायचंय. आतबाहेर सगळं सारखं झालं की पेशी मेली. उकळलेल्या कांद्यात तेच झालं ना, रंग सगळीकडे सारखा पसरला. जिवंत पेशीचा समतोल म्हणजे फरक टिकवणं, आणि तो फुकट टिकत नाही.

आकडे बघा. आपल्या रक्तात लिटरमागे सोडियम १४० मिलिमोलच्या आसपास आणि पेशीच्या आत फक्त १०-१५. पोटॅशियमचं बरोबर उलटं, आत १४० च्या आसपास आणि बाहेर चार-पाच. सोडियम सतत आत झिरपतं, पोटॅशियम बाहेर, आणि पटलातला एक पंप ते सतत परत फेकत असतो, एक एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चून तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत. हा पंप डेन्मार्कच्या जेन्स स्कू यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या नसांवर काम करताना ओळखला आणि नोबेल मिळालं १९९७ मध्ये, चाळीस वर्षांनी. तुम्ही स्वस्थ पडलेले असताना शरीर जी ऊर्जा जाळतं त्यातली साधारण पाचवा-चौथा हिस्सा एकटा हा पंप खातो. पाण्यासाठी वेगळी दारं असतात, ॲक्वापोरिन, फक्त पाणी जाऊ देणारी, त्यासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ चं नोबेल.

पंप थांबला तर काय होतं याचं उदाहरण ब्लड बँकेत रोज दिसतं. रक्ताची पिशवी २ ते ६ अंशांत ठेवतात, त्या गारव्यात पंप मंदावतो, आणि दिवस जातील तसं पोटॅशियम पेशींमधून बाहेरच्या द्रवात साठत जातं. पेशी फुटलेल्या नाहीत, पिशवी तशीच आहे, पण फरक ढासळतोय.

कोकणात किंवा मुंबईच्या खाडीकडे जाणं झालं तर तिवराचं पान नीट बघा, कोरड्या दिवशी त्यावर मिठाचे बारीक कण दिसतात. मुळं बहुतेक मीठ बाहेरच अडवतात आणि जे आत येतं ते पानातल्या ग्रंथी ऊर्जा खर्चून बाहेर टाकतात. त्याच खाऱ्या पाण्यात आपली मेथी उभी केली तर संध्याकाळपर्यंत मान टाकेल.

शेवटी ओआरएस (जुलाबात पाजायचं मीठ-साखरेचं पाणी), आणि हे नीट वाचा

हे सगळं शिकून घरात कामाला येणारी एकच गोष्ट निवडायची तर मी ही निवडेन. कॉलऱ्यात आतड्यातल्या पेशींच्या पटलावरचं क्लोराइडचं एक दार विषामुळे उघडं राहतं, क्लोराइड आणि त्यामागे सोडियम आणि त्यामागे पाणी आतड्यात ओतलं जातं, माणूस काही तासांत सुकतो. नुसतं पाणी पाजून भागत नाही. पण त्याच पेशींवर दुसरं एक दार असतं जे सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत घेतं, ते कॉलऱ्यातही चालू राहतं, आणि त्या जोडीमागे पाणी आत येतं. मीठ हवं, साखर हवी, दोन्ही एकत्र हवी, हे त्या दारामुळे. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्या हातून पाजायला लावलं आणि मृत्यूचं प्रमाण जवळजवळ ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं गेलं.

आता मापाचं. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. ओआरएसचं पाकीट मिळत नसेल आणि वेळ निघून जात असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा छोटा चमचा, शीग लावून नाही, बोटाने सपाट करून. पोर पीत नाही म्हणून गोड लागावं यासाठी जास्त साखर घालू नका, हे मी हात जोडून सांगते. जास्त साखर घातली की आतडं म्हणजे तो पाकाचा ग्लास होतो आणि मूल म्हणजे ते अंडं, पाणी शरीरातून आतड्यात ओढलं जाईल आणि जुलाब वाढतील. कोल्ड्रिंक आणि खोक्यातला गोड ज्यूस जुलाबात चालत नाही तो याच कारणाने.

आणि पाकीट आणलं असेल तर त्यावर किती पाण्याचं आहे ते वाचा. साधारण २१ ग्रॅमचं मोठं पाकीट एक लिटरचं असतं, छोटं २०० मिलीचं. मोठं पाकीट फोडून अंदाजे अर्धं एका ग्लासात घातलं, ही चूक बऱ्याच घरांत होते. अख्खं पाकीट, अख्खं लिटर, एकदाच कालवायचं, २४ तासांत संपवायचं आणि उरलं तर फेकून द्यायचं. मूल सुस्त पडलं, लघवी कमी झाली, पाजलेलं सगळं उलटून पडायला लागलं किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर वाट बघत बसू नका, सरळ डॉक्टरकडे न्या, आणि वाटेत चमच्याने पाजत राहा.